आल्हादच्या बापाचं काय करायचं?

धाड गावात आल्हाद डोणगावकरला कधी कोणी बिनबापाचा म्हटलं नाही, आणि सगळा घोळ तिथंच झाला. म्हटलं असतं तर पोरगं चार दिवस रडलं असतं आणि इतर बिनबापाच्या पोरांसारखं लवकर शहाणं झालं असतं. पण त्याचा बाप मेला नव्हता. आहे, असंही कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. नीळकंठ डोणगावकर हा खताच्या दुकानात लिहिण्याचं काम करणारा गृहस्थ एका वैशाखात पिंपळगाव राजा या गावी लग्नाला म्हणून गेला. तिथं पंगतीत त्याला शे-दोनशे माणसांनी पाहिलं. मठ्ठा त्यानं मागून घेतला, हेसुद्धा लोकांच्या लक्षात राहिलं. हात धुऊन, पान तोंडात टाकून तो एस.टी. स्टँडकडे निघाला, आणि पुढं तो कोणत्याच गाडीतून कुठंच उतरला नाही. आल्हाद तेव्हा सात वर्षांचा होता. बाप लग्नातला बुंदीचा लाडू आणेल म्हणून तो ओट्यावर बसला होता, एवढं त्याला आठवतं. बापाचा चेहरा मात्र फोटो पाहिल्याशिवाय आठवत नाही.

शोधाशोध झाली नाही असं नाही. पोलिसांत नाव गेलं, पेपरात फोटो आला, ज्योतिषी झाले, देवाला कौल लावून झाला. मग माणसं दिसायला लागली. कोणी म्हणे शेगावला रांगेत पाहिला, दाढी वाढलेली. कोणी म्हणे ओंकारेश्वरच्या घाटावर भांडी घासत होता. धाडच्या एका जीपवाल्याला तो सुरतेत साड्यांच्या गाठोड्यावर बसलेला दिसला. दरवेळी आल्हादची आई, शैलजा, शाळेत रजा टाकून जायची आणि दरवेळी एकटी परत यायची. ती गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती. तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर कोणी असं काही सांगायला आलं, की ती चहा करून द्यायची, ऐकून घ्यायची आणि जाग्यावरून हलायची नाही.

कुंकू मात्र तिनं सोडलं नाही. रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ती चांगलं ठसठशीत कुंकू लावायची आणि त्याला जरा जास्तच वेळ घ्यायची. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळायची. बायका आपापसात कुजबुजायच्या, सावित्री म्हणायच्या, डोळे पुसायच्या. पोरानंही ते ऐकलं आणि धरून ठेवलं. आई वाट पाहते आहे, म्हणजे बाबा येणार आहेत. आई शिक्षिका होती, आणि शिक्षकांचं उत्तर चुकत नसतं अशी त्या वयात त्याची पक्की समजूत होती.

मग त्या घरात एक वाक्य राहायला आलं. बाबा आले की बघू. घराला रंग द्यायचा? बाबा आले की बघू. सायकल? बाबा आले की. पोराची मुंज तर बापाशिवाय कशी करायची, गायत्री मंत्र कानात सांगायचा असतो तो बापानं. म्हणून मुंज आठव्या वर्षाची दहाव्यावर गेली, दहाव्याची बाराव्यावर. शेवटी चिखलीच्या मामानं कंबर कसली, भाच्याला मांडीवर घेतलं, डोक्यावरून उपरणं ओढलं आणि तंबाखूच्या वासासकट मंत्र कानात सांगितला. आल्हादला कितीतरी वर्षं शंका होती, की मामानं सांगितलेला मंत्र लागू पडतो की बापासाठी ठेवलेली जागा अजून रिकामीच आहे. विचारणार कोणाला? विचारलं असतं तर उत्तर ठरलेलं होतं.

लहानपणी पोरं तळ्यात-मळ्यात खेळतात, त्यात हा कायम बाद व्हायचा. एक पाय तळ्यात, एक मळ्यात. खेळ संपला तरी याचे पाय तसेच राहिले. पितृपक्षात तर फारच पंचाईत व्हायची. वर्गातल्या शिवमचा बाप साप चावून गेला होता. त्याच्या घरी त्या तिथीला खीर-वडे व्हायचे, पान वाढून ठेवायचे, शिवम शाळेत यायचा नाही. त्याचा बाप भिंतीवर होता, हार घातलेला. काही सांगायचं झालं तर तोंड कुठं करायचं हे शिवमला ठाऊक होतं. आल्हादला त्याचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून स्वतःची लाज वाटायची. घरी जेवायला बसला आणि तोंड चुकून दक्षिणेकडे झालं, की आई पाट फिरवायची. "तिकडे नको बसू. बाप आहे तुले."

गावही या कामात मागं नव्हतं. मिसरूड फुटल्यावर आल्हाद कादरचाचाच्या कटिंगच्या दुकानात गेला आणि म्हणाला, सगळी उतरवा. कादरचाचानं त्याच्या बापाची दाढी केलेली, आजोबांचीही. त्यानं वस्तरा खाली ठेवला.

"नाही बे. बाप जिंदा असते तवा तुमच्यात मिशी उतरवत नाहीत. मले शिकवू नको."

"आता सगळेच काढतात, चाचा."

"सगळ्यायचं मले काय सांगतं? तू नीळकंठभाऊचा पोरगा. उद्या आले आन् म्हनले, कादर, मी मेलो होतो का, तं मी काय जवाब देऊ?"

असा तो मिशी घेऊन मोठा झाला. बी.कॉम. झाला, बुलढाण्याच्या एका कॉलेजात कारकून म्हणून लागला, सकाळच्या एस.टी.नं जायचा, संध्याकाळी यायचा. नाव आल्हाद आणि चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, अशी त्याची ऑफिसात थट्टा व्हायची. तो वाईट माणूस मुळीच नव्हता. फक्त त्याला कोणतीही गोष्ट ठरवता येत नसे. साधी रजा टाकायची तरी अर्ज तीनदा फाडायचा.

देवाचंही त्याच्या बापासारखंच झालं होतं. नाही म्हणवत नव्हतं, आणि दिसत तर नव्हता. लहान असताना त्यानं गणपतीशी बोली केली होती, बाबा आले तर एकवीस चतुर्थ्या करीन. बाबा आले नाहीत, पण आले तर पंचाईत नको म्हणून चतुर्थ्या त्यानं आधीच करून टाकल्या. मोठेपणी हात जोडायची सवय राहिली, मागायचं काही सुचेना. डोळे मिटून तो नुसता उभा राहायचा आणि कोणी बघत नाही ना म्हणून एक डोळा किलकिला करायचा.

त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. मुलगी बीबी गावची, श्रद्धा. औषधाच्या दुकानात काम करणारी, हिशेबी बोलणारी. दोघांना एकमेकं आवडली. आल्हादनं तर, आश्चर्य म्हणजे, पहिल्याच भेटीत हो म्हटलं आणि घरी येईपर्यंत ते बदललंही नाही. बैठकीला मुळे गुरुजी होते. धाडची बरीचशी लग्नं, मुंजी, श्राद्धं त्यांच्याच हातची. सुपारी फुटली, पेढे फिरले, आणि गुरुजींनी घसा खाकरून विचारलं, "देवकाच्या दिवशी नांदीश्राद्ध असतं. पितरांची नावं घ्यावी लागतात. बाप असेल तर आजोबांपासून धरायची, नसेल तर बापापासून. मी नावं कुठून धरू?"

 मामा छताकडे बघायला लागला. आल्हाद म्हणाला, "तुम्ही म्हणाल तसं."

"मी कसा म्हणेन? बाप तुझा आहे."

श्रद्धाचे काका तोंडानं तिखट, पण माणूस सरळ. ते म्हणाले, "गुरुजी, बारा वर्षं झाली की शास्त्रात वाट आहे ना? ती मोकळी करा. आमची मुलगी अशा अधांतरी घरात नाही द्यायची. सासरा आहे म्हणून पदर घ्यायचा, की नाही म्हणून फोटोले हार घालायचा? लग्न पाहिजे तं हे आधी उरका."

वाट होती. गुरुजींनी ती समजावून सांगितली. हरवलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करायचा. डोक्याच्या जागी नारळ, दर्भानं सगळं बांधायचं, नदीवर न्यायचं आणि मुलानं अग्नी द्यायचा. मरणाची तिथी माहीत नाही, तर घर सोडल्याची धरायची. मग तो माणूस मेला. त्याला पाणी देता येतं, त्याचं नाव पितरांत घेता येतं.

आल्हादनं विचारलं, "आणि नंतर आले तर?"

काकांनी कपाळाला हात लावला. गुरुजी मात्र खुलले. हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारला नसावा. "त्याचीही सोय आहे! अग्नी दिलेला माणूस परत आला तर तो मेलेलाच. त्याला नव्यानं जन्माला घालावं लागतं. तुपानं न्हाऊ घालायचं, जातकर्म करायचं, बारसं करायचं, मुंज करायची आणि शेवटी त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं."

मामाला हसू फुटलं. साठीचा नीळकंठ पाळण्यात घातलेला सगळ्यांनाच दिसला असावा. स्वयंपाकघराच्या दारात शैलजा उभी होती. ती हसली नाही. "आणि बायको नाही म्हणाली तं?" तिनं विचारलं. याची सोय गुरुजींच्या पोथीत नव्हती. ती आत गेली, आणि विधीचा विषय निघाला की त्यानंतर आठवडाभर तिचं एकच, "मी त्यात नाही." त्यात नाही म्हणजे करू नको, की कर पण मला विचारू नको, हे आल्हादला कळेना.

आता खरं घोडं अडलं. विधी करावा तर आईचं कुंकू आपल्या हातानं पुसल्यासारखं. एकवीस वर्षं जी बाई वाट पाहते आहे तिच्या डोळ्यांसमोर तिच्या नवऱ्याला काडी लावायची, तीही स्वतःचं लग्न व्हावं म्हणून. न करावं तर श्रद्धा जाते. त्याच्या आयुष्यात त्यानं स्वतः ठरवलेली ती एकच गोष्ट होती. त्यानं तिला फोन केला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मले काय वाटायचं?" ती म्हणाली. "विधी करा नाहीतर नका करू, मी काकाले पाहून घेते. पण ठरवा. उद्या आपलं पोरगं शाळेत घालायचं झालं तं तुम्ही म्हणसान, बाबा आले की पाहू. एका माणसाची वाट दोघं पाहून राह्यले तेवढे पुरे आहेत. तिसरी मी नाही बसणार."

फोन ठेवून तो सरळ कादरचाचाकडे गेला. दाढी करायची नव्हती, तरी खुर्चीत बसला. चाचानं सगळं ऐकलं, दोनदा दुकानाबाहेर थुंकून आला.

"तुमच्या शास्त्रात मी बोलनार नाही," तो म्हणाला. "पन मले एक सांग. तू म्हनतं माय वाट पाहून राह्यली. तुले तिनं सांगतलं?"

"सगळं गाव म्हणते."

"गाव काय, गाव मले बी लय काय म्हनते. तू तिले कधी इचारलं?"

नव्हतं विचारलं. एका घरात एकवीस वर्षं राहून त्यानं आईला ते एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी शैलजा ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. आल्हाद तिच्यासमोर बसला, चार शेंगा मोडल्या, त्याही चुकीच्या, आणि विचारून टाकलं. "आई, तू बाबांची वाट पाहते का?"

"नाही," ती म्हणाली.

त्याला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"पाहिली दोन-तीन वर्षं. सुरतेहून आली तवाच सरलं ते. गाडीत रडली, घरी आली, तुले जेवू घातलं. मंग नाही पाहिली."

"मग हे कुंकू? वडाला सूत?"

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "त्याले मरू द्यायचं नव्हतं म्हणून." बाबांना तिनं 'तो' म्हटलेलं आल्हाद पहिल्यांदाच ऐकत होता. "मेला की माणूस चांगला होते, आल्हाद. त्याचा फोटो लागते, हार पडते, वर्षाले खीर खाते. नाव निघालं की लोक हात जोडतात. मले त्याले हात जोडायचे नव्हते. सात वर्षाचं लेकरू ओट्यावर बसवून, लोकाच्या लग्नात मठ्ठा पिऊन गेला तो. जिवंत ठेवला की भांडता येते. रोज सकाळी भांडते मी त्याच्यासंग, आरशासमोर. मेलेल्याले माफ करा लागते. मी नाही करणार."

 लहानपणापासून ज्या खुंटीला आल्हादनं सगळं अडकवून ठेवलं होतं ती खुंटीच नव्हती तिथं. आईचा विश्वास म्हणून जो तो उसना घेऊन जगत होता, तो राग होता. मग तो स्वतः काय करत होता इतकी वर्षं? वाट पाहत होता? कोणाची? त्याला बापाचा राग येतो का, माया येते का, हेही त्यानं कधी तपासलं नव्हतं. आई करते ते आपलं, एवढंच.

"आणि खरंच मेले असतील तर?" तो म्हणाला. "त्याच दिवशी. एखाद्या गाडीखाली, कोणाला न कळता?"

शैलजानं सूप पुन्हा पुढं ओढलं. रस्त्यानं सोयाबीनच्या शेतातली बायामाणसं परतत होती, त्यातली एक 'बाई, जेवल्या का' म्हणून गेली, हिनं शेंगांवरून मान वर केली नाही.

"तं मंग मी एकवीस वर्षं एका मेलेल्या माणसाले शिव्या देऊन राह्यली," ती म्हणाली. "ते बी मले सोसत नाही. मले काहीच माहीत नाही, आल्हाद. तू कर. तुया करता कर, मले विचारू नको. पण मी येईन नदीवर."

अशा विधीला बायका नदीवर जात नाहीत, हे तिलाही माहीत होतं आणि त्यालाही.  त्यानं गुरुजींना फोन केला आणि सांगितलं, की करू. वाक्य त्याचं त्यानं पुरं केलं.

विधी पितृपक्षात ठरला. नदीला गढूळ पाणी होतं, काठावर गवत कमरेएवढं. मामा चिखलीहून आला होता. कादरचाचा पेटी घेऊन आला होता, कारण क्रिया करणाऱ्याचं आधी क्षौर लागतं आणि ते दुसऱ्या कोणाला करू द्यायला तो तयार नव्हता. त्यानं आल्हादला दगडावर बसवलं, डोकं केलं, दाढी केली. मिशीपाशी हात थांबला. मग त्यानं तीही उतरवली, भरभर, जीभ दाताखाली धरून. "सरळ बस बे," एवढंच म्हणाला, आणि आल्हाद तर सरळच बसला होता.

गुरुजींनी पळसाच्या पानांचा पुतळा आडवा ठेवला. दर्भानं आवळलेले हात, पाय, वर नारळ. आल्हादला वाटलं होतं ते पाहून आपल्याला भरून येईल. पण त्याला पत्रावळी आठवल्या, आणि पत्रावळींवरून पंगत, आणि पंगतीवरून मठ्ठा. अशा वेळी असलं काही आठवतं म्हणून तो स्वतःवरच चिडला. शैलजा थोड्या अंतरावर दगडावर बसली होती, पदर मांडीवर, पाठ ताठ. कुंकू लावून आली होती. गुरुजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पंचांगात तोंड घातलं.

"अग्नी देण्याआधी हाक मारायची," गुरुजी म्हणाले. "ही माझ्या वडिलांची पद्धत. पोथीत नाही, पण मी मोडत नाही. तीनदा बोलवायचं. आला तर विधी सोडायचा आणि घरी न्यायचं. मार हाक."

आल्हादनं तोंड उघडलं. 'बाबा' हा शब्द त्यानं एकवीस वर्षांत हजारदा उच्चारला होता, पण बाबा आले की, बाबा असते तर, असाच. कोणाला उद्देशून नव्हे. "बाबा," तो म्हणाला. ते जेमतेम मामापर्यंत पोचलं.

"मोठ्यानं. माणूस लांब गेलाय."

"बाबा!"

बगळे उडाले. बाकी काही नाही. तिसऱ्या वेळी काय झालं ते त्यालाही नीट सांगता येत नाही. तो ओरडला, "बाबा! ओ बाबा! काऊन नाही आले? मी बसलो होतो ना ओट्यावर! या ना आता! या ना!" त्याला आपला आवाज ओळखू येईना. सात वर्षांच्या पोरासारखा तो हुंदके देत होता, आणि राग आला होता त्याला, इतका राग, की समोर बाप असता तर त्यानं त्याला मारलं असतं, आणि मग गळ्यात पडला असता.

"ओ ऽ ऽ!"

पलीकडच्या काठावरून, गवतातून, स्वच्छ आवाज आला.

मामा दोन पावलं मागं सरकला. गुरुजींच्या हातातून दर्भ गळला. पण आल्हादनं ते नंतर पाहिलं. आधी त्याला आई दिसली. शैलजा दगडावरून ताडकन उठली होती. हात डोक्याकडे गेला, विस्कटलेले केस तिनं मागं सारले, पदर खांद्यावरून नीट ओढून घेतला, एका झटक्यात, जशी बाई नवरा दारात आल्यावर घेते. आणि तोंड पलीकडच्या काठाकडे. एकवीस वर्षांच्या भांडणातलं काहीही त्या चेहऱ्यावर नव्हतं.

गवत हललं, आणि त्यातून एक म्हातारा निघाला. डोक्याला फडकं, हातात काठी, मागं पाच-सात बकऱ्या.

"कोन हाय बे? कोनं हाक मारली?" त्यानं ओरडून विचारलं.

"कोनी नाही, बावा! तुमाले नाही मारली! जा तुमी!" कादरचाचा ओरडला.

"जा कसं? पोरगं रडून राह्यलं ना थे!"

"त्याच्या बापाले बोलावून राह्यलं!"

म्हाताऱ्यानं पुतळा पाहिला, गुरुजींना पाहिलं, आल्हादचं बोडकं डोकं पाहिलं. डोक्याचं फडकं काढलं आणि तिथंच काठावर बसला. "बसतो मी मंग. व्हू द्या तुमचं," तो म्हणाला. बकऱ्या पांगल्या तरी उठला नाही.

गुरुजींची मोठी पंचाईत झाली होती. "ओ तर आली," ते हळूच म्हणाले. "आता माणूस आला म्हणायचा की नाही? वडिलांच्या वेळी असं कधी झालं नाही. यजमान, तुम्ही सांगा."

सगळे आल्हादकडे बघत होते. त्यानं ते टाळायला म्हणून आईकडे पाहिलं. ती अजून उभी होती, पदर मुठीत.

"आई," त्यानं विचारलं, "त्यांचा आवाज असा होता का?"

"नाही," शैलजा म्हणाली. "त्यांचा घोगरा होता. आणि इतक्या लवकर ओ नव्हते देत." मग ती खाली बसली, आणि बसल्यावर रडली. चिखलीच्या मामानं बहिणीला इतक्या वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं.

आल्हादला त्या क्षणी काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. बाप मेला की जिवंत, हे त्याला अजूनही माहीत नव्हतं, आणि ते कधीच कळणार नाही एवढं मात्र त्याला आता कळलं. आई वाट पाहत होती आणि पाहत नव्हती, तिला राग होता आणि नव्हता, हे दोन्ही खरं होतं. तेही सुटणार नव्हतं. सगळं कळल्यावर मग करू, असं म्हणत बसलं तर माणूस जन्मभर ओट्यावरच बसतो. त्याला भीती वाटत होती. तरी हाक मारली तेव्हा कोणी तरी ओ दिली होती. ज्याला मारली त्यानं नव्हे, भलत्यानंच, पण दिली होती आणि तो माणूस अजून तिथं बसून होता. देव असलाच तर याहून वेगळा काय असणार, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. नीट शब्दांत आलं नाही. त्यानं हात जोडले, आणि या वेळी दोन्ही डोळे मिटले.

"गुरुजी, करू," तो म्हणाला.

पळसाची पानं ओली होती, आधी नुसता धूर झाला, मग पेटली. नारळ फुटल्याचा आवाज आला तेव्हा कादरचाचानं तोंड फिरवलं. राख थंड झाल्यावर गुरुजींनी आल्हादला दक्षिणेकडे तोंड करून बसवलं आणि हातात तांब्या दिला. पाणी द्यायचं, नाव घेऊन. त्यानं दिलं. नीळकंठ हे नाव पुरं घेतलं. मेला म्हणून देतोय की तहानला असेल म्हणून देतोय, हे त्यालाही ठरवता आलं नाही, आणि पाणी तोवर ओंजळीतून खाली गेलं होतं.

शैलजा उठून त्याच्या शेजारी येऊन बसली. तिनं ओंजळ पुढं केली.

बायका असं पाणी देत नाहीत, पण गुरुजींनी पंचांग मिटून बाजूला ठेवलं.

"माफ नाही केलं मी," ती आल्हादला म्हणाली. "पाणी देते फक्त."

आल्हादनं तांब्या तिच्या ओंजळीवर वाकवला. त्यानं खालून आपला हात लावला.

पलीकडचा म्हातारा उठला, फडकं झटकून डोक्याला बांधलं. "झालं का, पोरा?" त्यानं विचारलं.

"हाव, बाबा," आल्हादनं ओ दिली. "झालं."